दहाचा कायदा आणि पिस्तुलाच्या मुठीतली भूमिती

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने कॅलिफोर्नियाचा मॅगझिन-कायदा वैध ठरवला. दहापेक्षा जास्त काडतुसं मावणारं मॅगझिन त्या कायद्याने निषिद्ध आहे. यावरचा वाद ठरलेला. एक बाजू म्हणते गोळ्या कमी तर बळी कमी, दुसरी म्हणते गुन्हेगार काय मोजून गोळ्या भरतो? हा वाद ज्याचा त्याने घालावा. मला त्यातली वेगळीच गोष्ट आवडते. दहा हा आकडा कागदावर आला की पिस्तुलाच्या मुठीची जाडी-लांबी आणि काडतुसाची जाडी, जी कॅलिबरवर म्हणजे गोळीच्या व्यासावर ठरते, यांचं सगळं गणित नव्याने मांडावं लागतं. आणि गंमत म्हणजे १९९४ मध्ये याच आकड्याने लोकांना जाड काडतुसाकडे वळवलं, तर २०१८ नंतर याच आकड्याच्या आत बसणारी चिमुकली ९ मिमी पिस्तुलं धडाक्यात खपली.

आधी मापं. पिस्तुलाचं मॅगझिन म्हणजे मुठीत सरकवायची पत्र्याची किंवा प्लास्टिकची उभी नळी. तळाशी स्प्रिंग, स्प्रिंगवर फॉलोअर नावाची ठोकळी, तिच्यावर काडतुसं आणि वर आत वळवलेले दोन ओठ, जे सगळ्यात वरचं काडतूस धरून ठेवतात. अमेरिकेत तीन काडतुसं मुख्य (.४० आणि .४५ हे आकडे इंचातले). ९ मिमी पॅराबेलमचं बूड सुमारे ९.९ मिमी रुंद, .४० स्मिथ अँड वेसनचं १०.८ आणि .४५ एसीपीचं १२.१. फरक मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा, पण मॅगझिनमध्ये तो दरवेळी नव्याने मोजला जातो.

अरुंद उभ्या डब्यात लाडू भरले तर ते एकावर एक बसतात. डबा थोडा रुंद घेतला की एक डावीकडे, पुढचा उजवीकडे असे बसतात आणि थराची उंची कमी होते. मॅगझिनमध्ये हेच होतं. शेजारच्या दोन काडतुसांच्या केंद्रांमधलं अंतर नेहमी एक व्यास असतं. त्यांच्यातलं आडवं अंतर म्हणजे नळीची आतली रुंदी वजा एक व्यास. राहिलेली उभी बाजू पायथागोरसने काढायची: व्यासाच्या वर्गातून आडव्या अंतराचा वर्ग वजा करा आणि वर्गमूळ घ्या.

आता आकडे घालून बघा. नळी दीड व्यास रुंद केली तर आडवं अंतर अर्धा व्यास आणि उभं ०.८७ व्यास. म्हणजे रुंदी ५० टक्के वाढवून उंचीत वाचले जेमतेम १३ टक्के. पावणेदोन व्यासाला उभं अंतर ०.६६ वर येतं. १.८७ व्यासाला ते थेट अर्ध्यावर येतं, आणि तिथेच थांबायचं, कारण आता एकाच बाजूची दोन काडतुसं एकमेकांना टेकलेली असतात. बचत शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरांत दडलेली आहे. म्हणून पूर्ण दुहेरी रांगेचं पिस्तूल हातात जाड लागतं. थोडक्यात भागवायला गेलं तर हाती फारसं काही लागत नाही.

या आदर्श रचनेत ९ मिमीची १५ काडतुसं आठ व्यास उंची खातात, साधारण ७९ मिमी. त्याच उंचीत .४० ची १३ बसतात आणि .४५ ची १२. खऱ्या मॅगझिनमध्ये काडतूस किंचित निमुळतं असतं आणि नळीही जराशी वाकलेली असते, तरी हिशेब फारसा चुकत नाही. एकाच आकाराच्या सांगाड्यावर ग्लॉक १९ मध्ये ९ मिमीची १५ आणि ग्लॉक २३ मध्ये .४० ची १३ मावतात. .४५ चं ग्लॉक २१ तेरा घेतं, पण त्याची मूठ त्या दोघांपेक्षा बरीच दांडगी आहे.

म्हणजे ९ मिमीचा मोठा गुण कोणता? त्याच मुठीत दोन-तीन गोळ्या जास्त. १३ सप्टेंबर १९९४ ला अमेरिकेचा केंद्रीय कायदा लागू झाला आणि दहापेक्षा मोठी नवी मॅगझिन सामान्य माणसाला विकणं बंद झालं. दहा वर्षांनी, १३ सप्टेंबर २००४ ला, त्याची मुदत संपली. आधी बनलेली मॅगझिन या कायद्यातून वगळली होती, त्यामुळे जुन्या मालाचे भाव वधारले. नंतर पोलिसांसाठी बनणाऱ्या मॅगझिनवर 'फक्त पोलीस व सरकारी वापरासाठी' असा छाप यायला लागला. या दहा वर्षांत १५ ची मूठ घेतली तरी आत दहाच. मग ९ मिमीचा तो गुण शून्य झाला. दहाच न्यायच्या तर जाड का नेऊ नयेत, असा विचार गिऱ्हाइकाने केला आणि तो अगदी तर्कशुद्ध होता. .४० आणि .४५ ला जोर आला. सात-आठ काडतुसांच्या एकेरी रांगेचं, शतकभर जुन्या घडणीचं १९११ पिस्तूल पुन्हा झळकलं, कारण आता ते स्पर्धेत फक्त दोन-तीन गोळ्यांनी मागे होतं. दुसऱ्या टोकाला १९९५ मध्ये ग्लॉक २६ आलं: मूठ कापून बरोबर दहा ९ मिमी काडतुसांइतकी केलेली.

जाड गोळीमागे भूमितीइतकंच दुसरं काहीतरी होतं: 'स्टॉपिंग पॉवर' नावाची अंधश्रद्धा. .४५ ची गोळी लागली की माणूस मागे उडतो, हे पडद्यावर शेकडो वेळा बघून लोकांना खरं वाटतं. गणित करू. .४५ ची गोळी साधारण १४.९ ग्रॅमची, वेग सेकंदाला २५८ मीटर, म्हणजे संवेग ३.८ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद. ७५ किलोच्या माणसात तो सगळा उतरला तरी त्याला वेग मिळेल सेकंदाला पाच सेंटीमीटर. मुंगीसुद्धा लाजेल असा. गतिज ऊर्जा बघा: ९ मिमीची ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५५ मीटरने जाते, तिची ऊर्जा सुमारे ५०० ज्यूल. .४५ चीही सुमारे ५०० ज्यूलच. फरक पडतो तो हाताला बसणाऱ्या झटक्यात, कारण झटका संवेगावर ठरतो आणि .४५ चा संवेग ९ मिमीपेक्षा जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने जास्त आहे.

गोळी परिणाम करते ती किती खोल जाते आणि आत गेल्यावर किती पसरते यावर. एफबीआय हे १० टक्के जिलेटिनच्या ठोकळ्यात मोजते आणि १२ ते १८ इंच, म्हणजे ३० ते ४६ सेंटीमीटर शिरकाव मागते. १९८६ च्या मायामीतल्या चकमकीनंतर एफबीआयला मोठं काडतूस हवं झालं, त्यातून पुढे १९९० मध्ये .४० जन्मलं. पुढच्या पंचवीस वर्षांत पोकळ टोकाच्या गोळ्या इतक्या सुधारल्या की ९ मिमीसुद्धा ती परीक्षा नीट पास व्हायला लागलं, आणि २०१६ मध्ये एफबीआयने पुन्हा ९ मिमीची पिस्तुलं घेतली. झटका कमी, म्हणजे दुसरी गोळी लवकर आणि नेमकी. .४० च्या पायाखालची जमीन तिथे सरकली.

म्हणून दहाच्या मर्यादेचं आजचं उत्तर वेगळं निघालं. गोळी जाड करून फायदा नसेल तर वाचलेली जागा पिस्तूल लहान करण्यात घाला. २०१२ च्या स्मिथ अँड वेसन शील्डच्या सपाट तळाच्या मॅगझिनमध्ये सात आणि २०१५ च्या ग्लॉक ४३ मध्ये सहा काडतुसं होती, दोन्ही एकेरी रांगेची. २०१८ मध्ये सिग कंपनीने पी३६५ आणलं. जेमतेम इंचभर रुंद पिस्तुलात दहा. त्यांनी रांग ना एकेरी ठेवली ना पुरी दुहेरी, मधली ठेवली. दहाची मर्यादा असलेल्या राज्यात हे पिस्तूल आणि त्याच्या दीडपट मोठं पिस्तूल कायद्याच्या लेखी सारखंच.

ही मधली रांग म्हणजे स्वस्तातला सौदा नाही. इथे थोडं सावकाश वाचा. तिरक्या रांगेतल्या प्रत्येक काडतुसाला खालचा आणि वरचा असे दोन्ही शेजारी भिंतीकडे ढकलतात. स्प्रिंगचा वर ढकलणारा जोर एक धरला, तर भिंतीवरचा दाब होतो आडवं अंतर भागिले उभं अंतर, गुणिले दोन. नळी १.६ व्यास रुंद असेल तर आडवं ०.६, उभं ०.८, म्हणजे दाब दीडपट. घर्षणांक ०.०५, म्हणजे तेल लावलेली गुळगुळीत नळी, धरा. दर काडतुसामागे जोर सुमारे सात टक्के गळतो. दहा काडतुसांनंतर वर पोचतो निम्म्याहून थोडा कमी. आता धूळ जाऊन घर्षणांक ०.१ झाला की वर पोचतो फक्त २२ टक्के. आणि नळी पावणेदोन व्यासाची असेल तर १० टक्के. घट प्रत्येक पायरीवर गुणाकाराने होते, म्हणून थोडी धूळही महागात पडते. धान्याच्या उंच कोठाराच्या तळावर सगळ्या धान्याचं वजन येत नाही, भिंतीच ते पेलतात, त्याच जातीचा हा प्रकार. इराकच्या वाळूत अमेरिकी सैन्याच्या एम९ पिस्तुलांची खरखरीत फॉस्फेट-लेप दिलेली मॅगझिन अशीच अडकायची. पुढे गुळगुळीत लेपाची आली.

जोर कमी पोचला की काय होतं? गोळी सुटल्यावर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग, मागे जाऊन सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात परत येते. तेवढ्यात वरचं काडतूस ओठांपर्यंत चढलेलं नसलं, तर स्लाइड त्याच्या डोक्यावरून निघून जाते आणि चेंबर, म्हणजे जिथून काडतूस उडतं तो कप्पा, रिकामं राहतं, किंवा काडतूस तिरकं चढून बॅरलच्या तोंडाशी अडतं.

कायद्यासाठी बनवलेल्या दहाच्या मॅगझिनची तब्येत आणखी नाजूक. उत्पादक दोनपैकी एक करतात: नळीच आखूड करायची, किंवा पूर्ण लांबीच्या नळीच्या भिंती आत दाबून किंवा जाड करून जागा मारायची. या दुसऱ्या प्रकारात काडतुसांचा मार्ग बदलतो, म्हणजे वरचा दाबाचा हिशेबही बदलतो. दहावं काडतूस घालताना स्प्रिंग पुरती दबलेली असते. बंद स्लाइडखाली भरलेलं मॅगझिन लावायचं तर वरचं काडतूस आणखी दोन-तीन मिलिमीटर खाली जायला हवं. तेवढी वाव नसेल तर मॅगझिन खटक्यात बसल्यासारखं वाटतं, बसत नाही आणि पहिल्याच झटक्याला खाली पडतं. भरलेल्या मॅगझिनमधलं वरचं काडतूस अंगठ्याने दाबून बघावं. हललं नाही तर नऊच भरावीत. चेंबरमधलं एक काडतूस या कायद्यांत मॅगझिनच्या क्षमतेत मोजत नाहीत, म्हणून कॅटलॉगात '१०+१' असं लिहिलेलं असतं.

सगळीकडे दहाच आहे असंही नाही. कोलोरॅडोत २०१३ पासून १५ ची मर्यादा आहे, तिथे ग्लॉक १९ जसंच्या तसं चालतं. डेलावेअरने २०२२ मध्ये १७ ठरवली, तिथे ग्लॉक १७ चं कारखान्याचं मॅगझिन चालतं. न्यूयॉर्कने २०१३ मध्ये दहाच्या मॅगझिनमध्येही सातच भरा असा नियम केला होता, तो वर्षभरातच न्यायालयात पडला. टिकला असता तर १९११ वाल्यांची चंगळ होती. न्यू जर्सीत १९९० पासून १५ चालत होती, २०१८ मध्ये ती दहावर आली. टेक्सासहून न्यू जर्सीतल्या एडिसनला मुक्काम हलवणाऱ्या मराठी घरात हे माहीत असलेलं बरं: टेक्सासात सर्रास विकलं जाणारं १५ चं मॅगझिन न्यू जर्सीत नुसतं कपाटात असणं हा गुन्हा आहे, पिस्तुलाचे कागद कितीही चोख असोत.

भारतात कायदा मॅगझिन मोजत बसत नाही, तो सरळ काडतुसावर बोट ठेवतो. ९ मिमी हे प्रतिबंधित बोअर आहे, म्हणून सामान्य परवानाधारकाकडे येतं ते बहुतेक वेळा .३२ चं पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर. आणि .३२ च्या पिस्तुलाची गोळी जेमतेम साडेचार-पावणेपाच ग्रॅमची, ऊर्जा ९ मिमीच्या निम्म्याहून कमी. त्यामुळे अमेरिकेत चाललेला '.४५ घेऊ की ९' हा काथ्याकूट इथे उद्भवतच नाही.