दूरचित्रवाणीवर चित्रपट परीक्षण कसे आले

२ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीने नियमित दूरचित्रवाणी प्रसारण सुरू केले, तेव्हा या नव्या माध्यमापाशी स्वतःचे असे फारसे काही नव्हते. नाटके रंगभूमीवरून आली, तर अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर कौटुंबिक मालिका आणि प्रश्नमंजूषा रेडिओवरून आल्या, आणि त्यांच्यासोबत रेडिओवरचे प्रायोजकही आले. या प्रायोजकांचा कार्यक्रमांवर मोठा वरचष्मा असे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस प्रश्नमंजूषांमधील बनवेगिरी उघडकीस आली, त्यानंतर तो ओसरत गेला आणि काय दाखवायचे हे वाहिन्या अधिकाधिक स्वतः ठरवू लागल्या.

चित्रपटसृष्टीशी असलेले नाते मात्र प्रारंभी तणावाचेच होते. हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंना घरातला पडदा हा प्रतिस्पर्धी वाटत असल्याने त्यांनी आपले चित्रपट त्याच्यापासून दूर ठेवले. १९५५ मध्ये आरकेओ या बड्या स्टुडिओच्या जुन्या चित्रपटांचा संग्रह विकला गेला आणि हा बांध फुटला. पुढे स्टुडिओ नव्या चित्रपटांतील निवडक दृश्ये प्रसिद्धीसाठी वाहिन्यांना देऊ लागले, आणि परीक्षणाच्या कार्यक्रमाचा कच्चा माल तिथेच तयार झाला. ज्या दृश्याविषयी समीक्षक बोलतो आहे ते त्याच क्षणी प्रेक्षकासमोर ठेवणे वृत्तपत्राला कधीच शक्य नव्हते, आणि माझ्या मते या प्रकाराचे खरे सामर्थ्य त्यातच आहे.

बीबीसीने १९७१ मध्ये सुरू केलेल्या परीक्षण कार्यक्रमाच्या नावात चालू वर्षाचा आकडा असे आणि बॅरी नॉर्मन यांनी तो दीर्घकाळ सादर केला. अमेरिकेत शिकागोच्या डब्ल्यूटीटीडब्ल्यू या सार्वजनिक केंद्राने १९७५ मध्ये वेगळा प्रयोग केला. 'शिकागो ट्रिब्यून'चे जीन सिस्केल आणि 'शिकागो सन-टाइम्स'चे रॉजर ईबर्ट या प्रतिस्पर्धी वृत्तपत्रांच्या समीक्षकांना त्याने एकत्र बसवले. दोघांचे पटत नसे, आणि तो मतभेद न लपवता त्यावरच कार्यक्रमाची उभारणी झाली. निकालाइतकीच त्यामागची कारणेही महत्त्वाची असतात, हे त्यांच्या वादातून असंख्य प्रेक्षकांपर्यंत पोहोचले.

१९७८ पासून 'स्नीक प्रीव्ह्यूज' या नावाने हा कार्यक्रम पीबीएस या अमेरिकेतील सार्वजनिक प्रसारण जाळ्यावरून देशभर दिसू लागला. १९८२ मध्ये दोघे व्यावसायिक प्रसारणाकडे वळले आणि १९८६ मध्ये डिस्नीच्या वितरण कंपनीकडे गेले. एका चित्रपट कंपनीच्या छत्राखाली राहून चित्रपटांवर निवाडा देणे ही अवघड स्थिती होती, तरीही त्यांची परखड मते बोथट झाली नाहीत. अंगठा वर किंवा खाली करून कौल देण्याची पद्धत याच काळात रूढ झाली. तिने समीक्षेचे सुलभीकरण केले, हा आक्षेप रास्त आहे. मात्र त्याच कार्यक्रमाने कृष्णधवल चित्रपटांना संगणकाने रंग चढवण्याविरुद्ध एक संपूर्ण भाग खर्ची घातला, आणि १९९४ मध्ये 'हूप ड्रीम्स' या माहितीपटाची मनापासून पाठराखण करून तो सामान्य प्रेक्षकांपर्यंत नेला, हेही त्या आक्षेपाच्या जोडीने सांगितले पाहिजे.

फेब्रुवारी १९९९ मध्ये सिस्केल यांचे निधन झाले. २००६ नंतर आजारपणामुळे ईबर्ट यांचा आवाज गेला आणि ते पडद्यापासून दूर झाले. केबल वाहिन्यांनी प्रेक्षक आधीच विभागले होते, शिवाय प्रदर्शनाच्या दिवशीच इंटरनेटवर परीक्षणे मिळू लागल्याने साप्ताहिक कार्यक्रमाची वाट पाहण्याचे कारण उरले नव्हते. ऑगस्ट २०१० मध्ये ही मालिका बंद झाली.