मीठ, किडनी आणि उकिरड्यावरचं पाकीट

मागच्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी सुनेच्या गोळ्या उकिरड्यावर फेकल्या, सून तीन महिन्यांची गरोदर, "डोक्याच्या गोळ्या खाल्ल्या त लेकरू अधू होते" म्हणे. मी पाकीट उचलून बघितलं तर लिथियम कार्बोनेट 300, म्हणजे बायपोलर आजारावरची (मन कधी फार चढतं, कधी फार खचतं) गोळी, दोनच गोळ्या कमी झालेल्या.

काकू सपशेल चुकल्या असं नाही. बाळाच्या हृदयात दोष 100 मधे साधारण 1 बाळाला असाही असतोच, पहिल्या तीन महिन्यात लिथियम चालू असेल तर साधारण 2 होतात, डोस मोठा तर धोकाही मोठा. खरी भीती व्हॅल्प्रोएटची, म्हणजे त्याच आजारावरच्या दुसऱ्या औषधाची, तिथे 100 मधे 10 च्या आसपास बाळांना जन्मजात दोष. पण लिथियम एका झटक्यात बंद केलं की आजार परत उलटून येतो, आणि बाळंतपणानंतरचे पहिले काही आठवडे तर सगळ्यात वाईट. लग्नानंतर याच पोरीवरून लिंबू उतरवण्यात आठ महिने गेले होते, तेव्हा कोणी धोका मोजला नाही.

आता मजा बघा. शाळेतली आवर्तसारणी आठवा, लिथियमच्या बरोबर खाली सोडियम, म्हणजे आपल्या मिठातलं. किडनीला दोघांतला फरक नीट कळतच नाही, ती मीठ राखायला गेली की लिथियमही राखते! आपल्याकडे मे महिन्यात घामाने मीठ गेलं, उलट्या झाल्या, किंवा पाय सुजले म्हणून घरच्यांनी मीठ बंद केलं, की किडनी सोडियम घट्ट धरते, सोबत लिथियमही धरते आणि रक्तातली पातळी चढते, मग हात थरथरतात, तोल जातो. गरोदरपणात याच्या उलटंही होतं, किडनीचं गाळणं जवळपास दीडपट वाढतं, म्हणून तीच गोळी खाऊनही लिथियम लघवीतून निघून जातं न् पातळी खाली येते. बाळंत झाल्यावर गाळणं परत पहिल्यासारखं, आणि डोस वाढवलेलाच राहिला तर विषबाधा. म्हणून महिन्याला रक्त तपासायचं, शेवटी शेवटी तर आठवड्याला.

काकूंना हे सांगितलं, अर्धं त्यांच्या डोक्यावरून गेलं. "म्हंजे मिठासारखंच हाय का ते?" मी म्हटलं, किडनीले तसंच वाटते.

मंगळवारी दोघी यवतमाळला चालल्या. रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं असतं, म्हणून सकाळची गोळी काकूंनी पदराच्या गाठीत बांधून ठेवलीय.