घुमट नाही म्हणजे आधी देऊळ होतं?

मलेशियातल्या केलांतानमधल्या कांपुंग लाऊतच्या जुन्या मशिदीचा फोटो अधूनमधून फिरत असतो. लाकडी इमारत, एकावर एक अशी तीन उतरती छपरं, घुमटाचा पत्ता नाही. खाली ठरलेली ओळ: ‘हे मूळचं देऊळ, नंतर मशीद केली.’

तसं नाही. ही मशीद म्हणूनच बांधली गेली. उतरत्या छपरांची ही घडण त्या भागात इस्लामच्याही आधीची आहे, हे खरं. जावातली देमाकची मशीद आणि बालीतली देवळं दोन्ही त्याच वळणाची. पण गावच्या सुतारांना जे छप्पर येत होतं तेच त्यांनी घातलं, आणि ते पावसाळी हवेला सोयीचंही होतं: पाणी झरझर ओघळतं, दोन छपरांमधल्या फटीतून गरम हवा बाहेर पडते. १९६०च्या दशकातल्या पुरानं मशिदीचं नुकसान झालं, तेव्हा लाकडाचे भाग सुटे करून ती निलम पुरीला पुन्हा उभी केली.

घुमटाची चाल तिथे खरी रुळली ती इंग्रजी अमदानीत. क्वालालंपूरची जामेक मशीद १९०९ची, आर्थर हबॅक या इंग्रजाची. शैली उचलली हिंदुस्थानातून. आपलं गेटवे ऑफ इंडिया त्याच कुळातलं!

खेड्यातल्या मशिदीची ओळख छपरावर ठरत नाहीच. रमजानात दुपारपासून आवारात मोठमोठ्या पातेल्यांत ‘बुबुर लांबुक’ ही मसालेदार खिमट शिजते. गावकरी आळीपाळीनं ढवळतात, मग घरोघर वाटतात.