टाकीतली स्लरी शेजारी गेली, पण नायट्रोजन किती गेला?

आयर्लंडच्या दक्षिणेला कॉर्क, टिपररी, वॉटरफोर्ड, किलकेनी या पट्ट्यात दुधाचा धंदा जोरात चालतो आणि तिथल्या दूधवाल्या शेतकऱ्याच्या डोक्यात वर्षभर एक आकडा फिरत असतो, १७०. जनावरांच्या शेणामुतातून हेक्टरी वर्षाला १७० किलोपेक्षा जास्त नायट्रोजन जमिनीवर यायला नको, असा युरोपियन युनियनच्या १९९१ च्या नायट्रेट्स डायरेक्टिव्हचा नियम आहे. गायी जास्त आणि जमीन कमी असेल तर मग गायी कमी करा, जमीन भाड्याने घ्या, डेरोगेशन नावाची सवलत मागा, नाहीतर गोठ्याखालची स्लरी टँकरमध्ये भरून शेजाऱ्याच्या रानात पाठवा. हा शेवटचा मार्ग ऐकायला सगळ्यात सोपा वाटतो पण त्याच्या आत जे विज्ञान आहे ते फार कमी लोकांना माहीत असतं, म्हणून हा लेख.

आधी स्लरी म्हणजे काय ते बघू. आपल्याकडे बायोगॅसवाल्यांमुळे हा शब्द गावागावात पोचलाय. आयर्लंडमध्ये गायी उन्हाळाभर बाहेर गवतावर चरतात आणि हिवाळ्यात गोठ्यात बांधल्या जातात. गोठ्याची जमीन फटी ठेवलेल्या काँक्रीटच्या पट्ट्यांची असते, शेण, मूत, धुण्याचं पाणी सगळं त्या फटींतून खाली मोठ्या टाकीत पडतं. हे मिश्रण ९३-९४ टक्के पाणीच असतं. उरलेल्यात न पचलेला चारा, जिवाणू, स्फुरद (फॉस्फरस), भरपूर पालाश (पोटॅश) आणि नायट्रोजन, त्यातला साधारण निम्मा नायट्रोजन अमोनियमच्या रूपात म्हणजे पिकाला लगेच मिळेल असा आणि निम्मा सेंद्रिय रूपात, तो हळूहळू महिनोन् महिने सुटत राहतो.

अमोनियम मातीत गेलं की त्याचं दोन टप्प्यांत नायट्रेट होतं, हे काम मातीतले जिवाणूच करतात. आता गोची अशी की अमोनियमवर धन भार असतो आणि चिकणमातीच्या कणांवर ऋण भार, त्यामुळे माती अमोनियमला धरून ठेवते, पण नायट्रेट स्वतःच ऋण भाराचं असल्यामुळे माती त्याला धरत नाही, ते पाण्यात विरघळून पाणी जाईल तिकडे जातं. गवत जोमात वाढत असेल तर मुळं ते उचलतात. गवत थंडीने थांबलं असेल आणि वरून पाऊस चालू असेल तर ते सरळ भूजलात, तिथून ओढ्यात, नदीत आणि शेवटी खाडीत. शूर (Suir), नोर, बॅरो, स्लेनी या आग्नेय आयर्लंडच्या नद्यांचं दुखणं हेच आहे, तिथली जमीन चांगल्या निचऱ्याची आहे, शेतीला उत्तम आणि नायट्रेट गळायलाही तेवढीच उत्तम. खाडीत नायट्रोजन वाढला की शेवाळ माजतं आणि ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं.

म्हणूनच स्लरी टाकायला तारखा आहेत. १ ऑक्टोबरपासून बंदी सुरू होते आणि दक्षिणेच्या जिल्ह्यांत १२ जानेवारीपर्यंत, मधल्यांत १५ जानेवारीपर्यंत आणि उत्तरेकडच्या कॅव्हन, मोनाहन, डोनेगल, लिट्रिम या जिल्ह्यांत ३१ जानेवारीपर्यंत चालते. बंदी उठली म्हणजे लगेच टँकर काढायचा असंही नाही. ४८ तासांत मोठ्या पावसाचा अंदाज असेल तर नाही, जमिनीत पाणी साचलं असेल किंवा ती गोठलेली असेल तर नाही, ओढ्याच्या अगदी काठाला नाही. आपल्या शेतकऱ्याला एका शब्दात सांगायचं तर वाफसा बघून.

आता शेजाऱ्याकडे पाठवायचा हिशोब, आणि इथे जरा थांबून आकडे मांडू कारण खरी मजा इथेच आहे.

समजा एकाकडे ६० हेक्टर जमीन आहे. १७० च्या हिशोबाने त्याला वर्षाला १०,२०० किलो नायट्रोजनची मुभा. त्याच्याकडे ११५ दुभत्या गायी आहेत. २०२३ पासून आयर्लंडमध्ये गायीचे दुधानुसार तीन गट केलेत, वर्षाला ४,५०० किलोपर्यंत दूध देणारी गाय ८० किलो नायट्रोजन टाकते असं धरतात, ६,५०० किलोपर्यंतची ९२ किलो आणि त्याच्या वरची १०६ किलो. कारण साधं आहे, जास्त दूध हवं तर जास्त प्रथिनं खायला घालावी लागतात आणि खाल्लेल्या नायट्रोजनचा साधारण पाव हिस्साच दुधात उतरतो, बाकी मागून बाहेर. आपल्या शेतकऱ्याच्या गायी मधल्या गटात धरू, म्हणजे ११५ गुणिले ९२, झाले १०,५८० किलो. वर गेले ३८० किलो. वासरं-कालवडी मी हिशोब सोपा राहावा म्हणून सोडल्यात.

हे ३८० किलो बाहेर पाठवायचे. नियमांत गायीच्या एक घनमीटर स्लरीत २.४ किलो नायट्रोजन धरलाय, म्हणजे १५८ घनमीटर स्लरी, २,५०० गॅलनचा टँकर असेल तर जवळपास १४ खेपा. पूर्वी हाच आकडा घनमीटरला ५ किलो धरायचे! तेव्हा याच ३८० किलोसाठी ७ खेपा पुरायच्या. म्हणजे जुन्या हिशोबात कागदावर जेवढा नायट्रोजन शेजारी गेला असं दिसायचं त्यातला निम्म्याहून जास्त प्रत्यक्षात टाकीतच, नाहीतर आपल्याच रानात राहायचा. आकडा खाली आणला तेव्हा शेतकरी चिडले, खर्च दुप्पट झाला म्हणून, आणि त्यांची चिडचिड मला समजते, पण मला तो बदल बरोबरच वाटतो. नदीला कागद कळत नाही.

आता त्याच्या पुढचा हिशोब, जो फारसा कोणी मांडत नाही. एक गाय आठवड्याला ०.३३ घनमीटर स्लरी करते असं नियम धरतात. दक्षिणेत १६ आठवड्यांची साठवण लागते, म्हणजे गायीमागे हिवाळ्यात सव्वापाच घनमीटर आणि त्यात २.४ प्रमाणे १३ किलोसुद्धा नायट्रोजन भरत नाही. वर्षाचे ९२ किलो आणि टाकीत सापडतात १३! मग बाकीचा कुठे गेला? थोडा गोठ्यात आणि टाकीत अमोनिया होऊन हवेत उडाला, पण मोठा भाग गाय बाहेर चरत असताना गवतावर पडला. तो टँकरमध्ये भरता येत नाही.

आणि नायट्रेट गळण्याच्या दृष्टीने तोच भाग जास्त त्रासदायक आहे. गाय एका जागी मुतते तेव्हा त्या चटईएवढ्या जागेवर नायट्रोजनचा मारा हेक्टरी ५०० ते १,००० किलोच्या हिशोबाने होतो, गवताला एवढा पेलत नाही, त्यातून ऑगस्ट-सप्टेंबरनंतर पडलेलं मूत असेल तर वापरलं जाण्याआधीच पावसाळी हिवाळा येतो. चराऊ रानातून गळणाऱ्या नायट्रेटचा मोठा वाटा या मुताच्या डागांचा असतो हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. त्यामुळे स्लरी शेजारी पाठवून हेक्टरी सरासरी १७० च्या आत आली तरी गायी तेवढ्याच, डाग तेवढेच. स्लरी पाठवणं वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण ते गायी कमी करण्याच्या बरोबरीचं आहे असं कोणी म्हणत असेल तर ते मला पटत नाही.

मग फायदा कुठे आहे? फायदा आहे शेजाऱ्याच्या मातीत, आणि तो भरपूर आहे. शेजारी बार्ली-गहू करणारा असेल आणि वर्षानुवर्ष जनावरं नसतील तर त्याच्या जमिनीचा सेंद्रिय कर्ब घसरलेला असतो, स्फुरद-पालाश पोत्यातून विकत आणावं लागतं. त्याला १५८ घनमीटर स्लरी मिळाली तर घनमीटरला अर्धा किलो धरून ७९ किलो स्फुरद मिळालं, डीएपी या पोत्यातल्या खताच्या भाषेत सांगायचं तर ५० किलोच्या जवळपास आठ गोण्या. नायट्रोजन नियमानुसार ४० टक्के उपयोगी धरतात, म्हणजे १५२ किलो, युरियाच्या हिशोबाने ३३० किलो. आणि तेवढं रासायनिक खत त्याच्या कोट्यातून वजा होतं! हे वजा होणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण शेजाऱ्याने स्लरीही घेतली आणि युरियाही पूर्वीएवढाच टाकला तर नायट्रोजनने फक्त बांध ओलांडला आणि दुसऱ्या ओढ्याने त्याच नदीत गेला. २०२२ मध्ये युरिया टनाला १,००० युरोच्या वर गेला तेव्हा हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही, स्लरी मागायला लोक स्वतःहून येत होते.

इकडे पाठवणाऱ्याचंही काहीतरी जातंच. ११५ गायींच्या टाकीतली सहाशे घनमीटरच्या आत-बाहेर स्लरी असते असं धरलं, म्हणजे ६०७ घनमीटर, तर त्यातली पाव भागाहून थोडी जास्त गेली. मुरघासाचं (हिवाळ्यासाठी आंबवून साठवायचं) गवत जमिनीतून पालाश प्रचंड ओढतं आणि स्लरी हा त्याचा फुकटचा परतावा होता, तो गेला की पालाश विकत आणा. म्हणून शहाणा माणूस आधी माती परीक्षण बघतो आणि ज्या रानात स्फुरद आधीच चढलंय त्या रानाच्या वाट्याची स्लरी बाहेर काढतो.

टाकी रिकामी करायच्या दिवसाबद्दल मात्र सविस्तर लिहायला पाहिजे. महिनोन् महिने साचलेल्या स्लरीवर साय धरल्यासारखा जाड थर येतो, खाली गाळ बसतो, मध्ये पातळ द्रव. तशीच उपसली तर पहिल्या टँकरमध्ये पाणी आणि शेवटच्यात चिखल जाईल, शेजाऱ्याच्या एका कोपऱ्याला काहीच नाही आणि दुसऱ्याला मारा. म्हणून ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या दांड्यावर) चालणारं ढवळणीयंत्र लावून आधी सगळं एकजीव करतात. ढवळायला सुरुवात झाली की थराखाली कोंडलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो, पहिला अर्धा तास सगळ्यात घातक. थोडा असेल तर कुजक्या अंड्याचा वास येतो, जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वासच कळत नाही, एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. २०१२ मध्ये उत्तर आयर्लंडमध्ये अल्स्टरचा रग्बीपटू नेविन स्पेन्स, त्याचा भाऊ आणि वडील तिघेही घरच्या स्लरीच्या टाकीत मरण पावले, एकाला वाचवायला दुसरा उतरला. जनावरं बाहेर काढायची, सगळी दारं उघडायची, वारा असलेला दिवस निवडायचा, आणि पहिला अर्धा तास तिथे फिरकायचं नाही. बायोगॅसच्या टाकीत उतरणाऱ्या आपल्याकडच्या लोकांनीही हे लक्षात ठेवावं, तोच वायू आहे.

एकजीव झाल्यावर बादलीभर स्लरी घेऊन त्यात हायड्रोमीटर सोडतात, ती नळी किती बुडते त्यावरून घट्टपणा कळतो आणि घट्टपणावरून अन्नद्रव्यांचा बऱ्यापैकी अंदाज येतो. पावसाचं पाणी शिरलेल्या टाकीची स्लरी इतकी पातळ असते की शेजारी टँकरभर पाणीच घेतोय. हे घेणाऱ्याने मागितलंच पाहिजे, यात लाजायचं काही नाही.

टाकायची पद्धतही बदलली. पूर्वी टँकरच्या मागे पत्र्यावर आपटून स्लरी पंख्यासारखी उडवायचे, त्यात अमोनिया हवेत जायचा आणि वास गावभर. आता मागे आडव्या दांड्यावर नळ्यांची रांग असते, त्या गवताच्या बुडाशी स्लरीच्या पट्ट्या सोडतात. पृष्ठभाग कमी उघडा राहतो म्हणून अमोनिया कमी उडतो, म्हणजे वाचलेला नायट्रोजन पिकाचा. जास्त जनावरं असलेल्या शेतांना हे यंत्र सक्तीचं केलंय. नांगरटीच्या रानात टाकली तर लवकर मातीआड करायची.

कागदपत्रंही सांगतो. कोणी, कोणाला, किती, कधी दिली याची नोंद पाठवणाऱ्याने कृषी खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर चार दिवसांच्या आत करायची आणि घेणाऱ्याने ती मान्य करायची. घेणाऱ्याचीही १७० ची मर्यादा मोडता कामा नये. नेदरलँड्समध्ये तर खताच्या गाड्यांना जीपीएस आणि आपोआप नमुना घेणारी यंत्रणा बसवलेली असते.

शेजाऱ्याची एक काळजी रास्त आहे, रोगाची. टीबी सापडलेल्या कळपाची स्लरी काही महिने साठवून मगच टाकावी आणि नंतर तिथे लगेच जनावरं चारू नयेत असा सल्ला देतात. धान्याच्या रानाला ही भीती फारशी नाही, हेही एक कारण की दूधवाल्याने दूधवाल्याला देण्यापेक्षा धान्यवाल्याला दिलेली बरी. अर्थात धान्याचं रान गळत नाही असं समजू नका. टिगास्क ही तिथली कृषी संशोधन संस्था २००८ पासून काही ओढ्यांच्या खोऱ्यांत सतत मोजमाप करते, कॉर्कमधलं टिमोलीग हे गायींचं खोरं आणि वेक्सफर्डमधलं कॅसलडॉकरेल हे बार्लीचं, दोन्हीकडे निचरा चांगला आणि दोन्हीकडे नायट्रेट चढंच. कापणीनंतर उघडं पडलेलं रान पावसाळी हिवाळ्यात गळतं, म्हणून तिथे आच्छादनाचं पीक लागतं.

आणि हे सगळं लांबच्या देशाचं म्हणून सोडून देऊ नका. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा युरोपात लिटरला ५० मिलिग्रॅम आहे, भारतात ४५. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात महाराष्ट्रातल्या एक तृतीयांशाहून जास्त नमुन्यांत ती ओलांडलेली होती, आणि वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव, यवतमाळ ही नावं जास्त त्रासाच्या जिल्ह्यांत आहेत. जास्त नायट्रेटमुळे तान्ह्या बाळाचं रक्त ऑक्सिजन नीट वाहून नेऊ शकत नाही, बाळ निळं पडतं. आपल्याकडे युरिया, सांडपाणी आणि गोठ्याशेजारचे उकिरडे असं सगळं मिळून हे होतं. धनगराची मेंढरं रानात बसवायची आणि बदल्यात धान्य द्यायचं ही आपली जुनी पद्धत म्हणजे खत शेजाऱ्याच्या रानात नेणंच होतं, फक्त त्यात टँकर नव्हता आणि खत जिथे पाहिजे तिथे स्वतःच्या पायाने चालत जायचं. आज दहा-वीस गायींचा मुक्त गोठा करणाऱ्याने विहिरीला लागून शेणाचा ढीग घालण्याऐवजी बांधापलीकडच्या ऊसवाल्याशी बोलावं, त्याने तेवढा युरिया कमी करावा, आणि विहिरीचं पाणी एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर तपासून घ्यावं, जिल्ह्याच्या भूजल प्रयोगशाळेत ते होतं.