विमान आपोआप उतरतं, पण आपोआप उडत नाही

जून 2025 मध्ये सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झालं आणि होटगी रोडवरच्या टपऱ्यांवर विमानतज्ज्ञांचं पीक आलं. त्यांचं ठरलेलं वाक्य असं : "पायलट काय करतो बे? बटण दाबतो अन् बसतो." गंमत म्हणजे नेमकं आपल्या गोव्याच्या विमानालाच हे लागू नाही. ते एटीआर 72 जातीचं आहे. त्याला ऑटोपायलट, म्हणजे विमान आपोआप चालवणारी यंत्रणा आहे, पण इंजिनाचा जोर आपोआप सांभाळणारं ऑटोथ्रॉटल नाही आणि स्वतःहून चाकं टेकवायची सोयही नाही.

मोठ्या जेटमध्ये दोन्ही असतं. तरी उड्डाण तिथेही हातानेच होतं. संगणक इंजिनाचा जोर सांभाळतो, पण नाक वर उचलतो तो वैमानिक. एअरबस ए 320 मध्ये जमीन सोडून शंभर फूट वर गेल्यावरच ऑटोपायलट लावता येतो. कॅमेऱ्याच्या मदतीने आपोआप उड्डाण एअरबसने डिसेंबर 2019 मध्ये फ्रान्समध्ये करून दाखवलं, पण ती चाचणी होती. अडचण विमान उचलण्याची नाहीच. ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास धावताना काही बिघडलं, तर थांबायचं की उडायचं हे क्षणात ठरवावं लागतं.

उतरणं मात्र जुनं काम आहे. 10 जून 1965 रोजी ट्रायडंट विमानाने प्रवाशांसह लंडनला पहिल्यांदा आपोआप चाकं टेकवली. धावपट्टीजवळच्या अँटेना दोन स्वर मिसळलेल्या रेडिओलहरी सोडतात, एक 90 हर्ट्झचा, दुसरा 150 चा. विमान डावीकडे सरकलं तर 90 चा जोर वाढतो, उजवीकडे गेलं तर 150 चा. दोन्ही सारखे म्हणजे विमान मधोमध. उंचीसाठीही हीच युक्ती, फक्त रेघ जमिनीशी तीन अंशांनी तिरकी. तीन अंश म्हणजे किती? सिद्धेश्वर कारखान्याची 2023 मध्ये पाडलेली चिमणी सुमारे 90 मीटर उंच होती. या रेघेवरून येणारं विमान तेवढ्या उंचीवर असतं, तेव्हा टेकायची जागा फक्त 1.7 किलोमीटरवर उरलेली असते.

आता माझा आवडता भाग. याच रेघेवरून थेट खाली आलं, तर जेट सेकंदाला साडेतीन-पावणेचार मीटर वेगाने आदळेल. म्हणून सुमारे 50 फुटांवर संगणक ती रेघ सोडतो आणि रेडिओ अल्टिमीटरकडे पाहतो. हे यंत्र जमिनीवरून परतलेल्या लहरींवरून उंची मोजतं. मूळ सूत्र सोपं आहे : जेवढी उंची उरली, त्या प्रमाणात उतरण्याचा वेग. उंची निम्मी, वेग निम्मा. पण गणितात असं विमान कधी टेकणारच नाही! निम्म्याचं निम्मं, त्याचं निम्मं, असं ते धावपट्टीवर तरंगतच राहील. मग अभियंत्यांनी संगणकाला धावपट्टीच्या थोडी खाली असलेली खोटी जमीन दाखवली. तिच्याकडे जाता जाता वाटेत खरं डांबर लागतं, तेव्हा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास उरलेला असतो.

या अल्टिमीटरनेच कधी दगा दिला तर? 2009 मध्ये ॲमस्टरडॅमजवळ बोइंग 737 च्या एका अल्टिमीटरने विमान हवेत असतानाच उंची उणे 8 फूट दाखवली. ऑटोथ्रॉटलला वाटलं विमान टेकलंच, त्याने इंजिनाचा जोर काढून घेतला. वैमानिकांच्या लक्षात यायला उशीर झाला आणि नऊ जण गेले. नवं विमान आलं की नारळ फोडा, लिंबू-मिरची बांधा, त्याने उणे आठचे अधिक आठ होत नाहीत. तिथे दुसऱ्या अल्टिमीटरचा आकडा बरोबर होता. तो वेळीच ताडून पाहायला हवा होता.

एवढं असूनही रोजच्या बहुतेक जेट हातानेच उतरतात. ऑटोलँड, म्हणजे आपोआप उतरणं, मुख्यतः दिल्लीच्या जानेवारीतल्या धुक्यासारख्या वेळी लागतं. वाऱ्यात तर ते माणसाच्याही मागे पडतं. ए 320 ला आडवा वारा 20 नॉटच्या (ताशी सुमारे 37 किलोमीटरच्या) वर गेला की ऑटोलँडची परवानगी नाही. हाताने मात्र हेच विमान 38 नॉटच्या झोतात उतरवून दाखवलेलं आहे.