पास झालेली टेस्ट गप्प बसते

'१,२४० टेस्ट, २ फेल' असा फलक सॉफ्टवेअर टीमच्या स्क्रीनवर झळकतो, तेव्हा तो आकडा टेस्ट चालवणाऱ्या प्रोग्रामकडून बहुधा थेट आलेला नसतो. त्याने एक एक्सएमएल फाइल (टॅग लावून माहिती मांडलेली मजकूर फाइल) लिहून ठेवलेली असते आणि दुसराच प्रोग्राम ती वाचून मोजदाद करतो. हे वाचन करणारी लायब्ररी म्हणजे पार्सर. पायथनमधली 'जेयुनिटपार्सर' ही त्यातलीच एक.

फाइलला 'जेयुनिट एक्सएमएल' म्हणतात खरं, पण तो फॉरमॅट जेयुनिटचा नव्हे. जेयुनिट हे जावा प्रोग्रामच्या टेस्ट चालवणारं टूल केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ साली झुरिकहून अटलांटाला जाताना विमानात लिहायला घेतलं. ही एक्सएमएल मात्र पुढे अपाची अँट या बिल्ड टूलने (कोडपासून प्रोग्राम तयार करणाऱ्या टूलने) काढायला सुरुवात केली, टेस्ट आपोआप चालवणारा जेनकिन्स सर्व्हर ती वाचू लागला आणि मग बाकीच्यांनीही तिचीच री ओढली. सर्वमान्य नियमावली नसल्याने प्रत्येक टूलची बोली थोडी वेगळी आहे.

रचना साधी आहे. बाहेर 'टेस्टसूट्स', त्यात 'टेस्टसूट', आणि त्यात दर टेस्टमागे एक 'टेस्टकेस'. समजा, १०० रुपयांवर १८ टक्के जीएसटी लावून बिल ११८ होतं का, हे तपासायचंय. टेस्टकेसच्या टॅगवर टेस्टचं नाव, क्लासचं नाव आणि लागलेला वेळ असतो: ०.००४ सेकंद. बिल ११७ आलं तर टॅगच्या पोटात 'फेल्युअर' येतो, हिशेब होण्याआधीच कोड अनपेक्षितपणे कोसळला तर 'एरर', टेस्ट मुद्दाम वगळली तर 'स्किप्ड'. पास झाली तर? काहीच नाही. 'पास' असा टॅगच नाही. तक्रार नाही म्हणजे पास.

सगळी गोम इथेच आहे. डिस्क भरली आणि फाइल अर्धवट राहिली असं धरा. नीट वागणारा पार्सर अशी फाइल नाकारतो. पण एलएक्सएमएल या पायथनच्या एक्सएमएल वाचणाऱ्या लायब्ररीमध्ये 'रिकव्हर' नावाची सोय आहे, ती उघडे राहिलेले टॅग स्वतःच बंद करून पुढे जाते. फाइल नेमकी 'टेस्टकेस' उघडल्यावर आणि 'फेल्युअर' लिहिण्याआधी तुटली असेल, तर फेल झालेली टेस्ट बिनबोभाट पास ठरते. ही सोय निकालाच्या फाइलवर वापरूच नये.

ती वापरण्याचा मोह होतो तो बहुतेक वेळा रंगांमुळे. टर्मिनलवर अक्षरं लाल करण्याची सूचना जिथून सुरू होते तो २७ क्रमांकाचा कंट्रोल कॅरॅक्टर एरर मेसेजसोबत फाइलमध्ये शिरतो. एक्सएमएल १.० मध्ये ३२ च्या खालचे फक्त ९, १० आणि १३ चालतात, त्यामुळे एका रंगीत ओळीपायी अख्खी फाइल बाद होते. पार्स करण्याआधी असे कॅरॅक्टर गाळून टाकले की भागतं.

पायटेस्ट हे पायथनमधलं टेस्ट चालवणारं टूल आपली एक्सएमएल रन संपताना लिहितं. पायथन चालवणारा इंटरप्रिटरच मध्ये कोसळला तर नवी फाइल बनतच नाही, आणि फोल्डरमध्ये कालची हिरवीगार फाइल तशीच पडलेली असते. म्हणून रनआधी जुने रिपोर्ट पुसायचे, आणि रिपोर्टसोबत एक्झिट कोडही, म्हणजे प्रोग्राम संपताना देतो तो आकडाही, बघायचा. एकही टेस्ट सापडली नाही तर पायटेस्ट ५ देतं. 'टेस्टसूट'वर एकूण टेस्टचा आकडा असतो, तो मोजून ताडावा, पण त्यावर फार विसंबू नये, कारण बरीच टूल्स तो शेवटी, झालेल्या टेस्ट मोजूनच लिहितात. पर्लच्या जगातला 'टॅप' फॉरमॅट याबाबतीत शहाणा. तिथे सुरुवातीलाच '१..४०' असं जाहीर करता येतं. ३७ निकाल आले की तीन हरवले हे लगेच कळतं.

उलट बाजूही आहे: पोटात काहीतरी आहे म्हणजे फेल, असंही नाही. टेस्टने स्क्रीनवर छापलेला मजकूर 'सिस्टम-आउट'मध्ये येतो. मेव्हन या जावाच्या बिल्ड टूलचं टेस्ट चालवणारं शुअरफायर, आधी पडून पुन्हा चालवल्यावर पास झालेल्या टेस्टमध्ये 'फ्लेकीफेल्युअर' लिहितं. ती पासच धरायची, पण नोंद वेगळी ठेवायची. एका टेस्टकेसमध्ये एकाहून जास्त निकालही असू शकतात, म्हणून जेयुनिटपार्सरच्या दुसऱ्या आवृत्तीपासून 'रिझल्ट' ही लिस्ट आहे. जुना कोड तिथेच अडखळतो. मुळाशी 'टेस्टसूट्स'ऐवजी थेट 'टेस्टसूट' असेल तर ही लायब्ररी सूटच परत देते, मग लूपमध्ये सूटच्या जागी टेस्टकेस हाती येतात.

वेळेचा आकडाही बेभरवशाचा. '१,२३४.५६७' मधला स्वल्पविराम काढल्याशिवाय मजकुराचा दशांश आकडा करणारा पायथनचा 'फ्लोट' तो घेत नाही. पण जर्मन पद्धतीने, म्हणजे दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम देऊन, लिहिलेल्या '०,००४' मधला काढलात, तर चार मिलिसेकंदांचे चार सेकंद होतात. शिवाय चार मशिनवर एकाच वेळी पाच-पाच मिनिटं चाललेल्या टेस्टचे रिपोर्ट एकत्र केले की बेरीज वीस मिनिटं येते. थांबावं लागलं ते पाचच मिनिटं.