हार्ट फेल्युअर : औषध सुरू होते, मात्रा मात्र अडून राहते

हार्ट फेल्युअर हे नाव ऐकताच हृदय बंद पडले असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात हृदय चालूच असते. फक्त शरीराला लागेल तेवढे रक्त ते पुढे ढकलू शकत नाही, किंवा ढकलते ते आतला दाब वाढवून. रक्तपुरवठा कमी पडला की शरीर जणू मोठा रक्तस्राव झाला आहे असे समजून वागते. मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात, रक्तवाहिन्या आकसतात आणि ॲड्रेनालिनच्या कुळातली संप्रेरके हृदयाला सतत पळायला लावतात. जखमी माणसाला काही तास तगवणारी ही व्यवस्था महिनोन्‌महिने चालू राहिली, तर थकलेल्या हृदयाचीच झीज करते. धाप आणि पायांवरची सूज ही त्या झिजेची दिसणारी बाजू आहे.

म्हणूनच आजचे उपचार हृदयाला जोर देण्यावर नव्हे, तर शरीराच्या या चुकीच्या प्रतिक्रियेला आवर घालण्यावर आधारलेले आहेत. हृदयाची आकुंचनशक्ती कमी झालेल्या, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन (हृदयाच्या डाव्या कप्प्यातले जितके टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर पडते ते प्रमाण) ४० टक्के किंवा त्याहून कमी असलेल्या रुग्णांसाठी युरोपीय (२०२१) आणि अमेरिकी (२०२२) मार्गदर्शक तत्त्वे चार औषधगट सांगतात : रक्तवाहिन्या आकसवणारी संप्रेरक-साखळी रोखणारी औषधे (एसीई इनहिबिटर, किंवा त्यांच्या जागी सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टन), ॲड्रेनालिनचा हृदयावरचा परिणाम कमी करणारे बीटा ब्लॉकर, मीठ-पाणी धरून ठेवणाऱ्या संप्रेरकाला अडवणारी स्पायरोनोलॅक्टोनसारखी औषधे, आणि मुळात मधुमेहासाठी तयार झालेली डापाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे. यांतल्या प्रत्येक गटामागे भक्कम चाचण्या आहेत. एकेकाळी हार्ट फेल्युअरमध्ये निषिद्ध मानल्या गेलेल्या बीटा ब्लॉकरनी मृत्यूचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटवल्याचे १९९९ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांनी दाखवले. त्याच वर्षी स्पायरोनोलॅक्टोनमुळे मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे सिद्ध झाले. २०१९ मध्ये डापाग्लिफ्लोझिनने आजार बळावणे किंवा हृदयविकाराने मृत्यू येणे यांचा एकत्रित धोका २६ टक्क्यांनी कमी केला, आणि हा फायदा मधुमेह नसलेल्यांनाही मिळाला. (इजेक्शन फ्रॅक्शन ५० टक्के किंवा त्याहून जास्त असलेल्या रुग्णांचे चित्र निराळे आहे, तिथे सर्वांत ठोस पुरावा या शेवटच्या गटाचा आहे.)

इतके सगळे हाती असताना दवाखान्यात काय घडते? चॅम्प-एचएफ या अमेरिकेतील नोंदणीत बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या सुमारे साडेतीन हजार रुग्णांची माहिती तपासली गेली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, औषध देण्यास कोणतीही अडचण नसलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश बीटा ब्लॉकरविना होते आणि सुमारे दोन तृतीयांश जणांना स्पायरोनोलॅक्टोनच्या गटातले औषध मिळत नव्हते. त्या काळी शिफारस असलेले तिन्ही गट चाचण्यांमध्ये ठरलेल्या पूर्ण मात्रेत घेणारे रुग्ण तर अवघे १ टक्का होते.

मला यातला हा शेवटचा आकडा सर्वांत अस्वस्थ करतो. ही औषधे मुद्दाम अल्प मात्रेत सुरू केली जातात. बिसोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर गटातले औषध १.२५ मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि त्याचे उद्दिष्ट १० मिलिग्रॅम असते. म्हणजे सुरुवातीची गोळी ही केवळ पहिली पायरी असते, पण व्यवहारात कितीतरी रुग्ण वर्षानुवर्षे त्याच पायरीवर उभे राहतात. लघवी वाढवणाऱ्या गोळीने सूज उतरते, धाप कमी होते, रुग्ण म्हणतो ‘आता बरे आहे’, आणि चालले आहे ते बदलू नये असे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही वाटते. ही भीती पोकळ नाही : रक्तदाब उतरू शकतो, क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम मंदावल्यास रक्तात वाढणारा घटक) वाढू शकते, पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकते. परंतु रक्तदाबाचा आकडा कमी दिसला तरी चक्कर वगैरे त्रास नसेल, किंवा क्रिएटिनिन थोडेसे वाढले असेल, तर तेवढ्यावरून औषध बंद करू नये, असे मार्गदर्शक तत्त्वेच सांगतात. सूज उतरणे आणि आजार आटोक्यात येणे यांत फरक आहे, आणि तो फरक लक्षणांवरून कळत नाही.

मात्रा लवकर वाढवणे सुरक्षित आहे का, या प्रश्नाला २०२२ च्या स्ट्राँग-एचएफ चाचणीने थेट हात घातला. हार्ट फेल्युअर बळावल्याने रुग्णालयात दाखल झालेल्या १,०७८ रुग्णांपैकी एका गटाला घरी सोडण्यापूर्वी पूर्ण मात्रेच्या निम्मी मात्रा आणि पुढे दोन आठवड्यांत पूर्ण मात्रा द्यायची, आणि पहिल्या सहा आठवड्यांत वारंवार बोलावून तपासणी व रक्तचाचण्या करायच्या, असे ठरले. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार मिळाले. सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण पहिल्या गटात १५.२ टक्के, तर दुसऱ्यात २३.३ टक्के होते. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधीच थांबवण्यात आली. किरकोळ दुष्परिणाम पहिल्या गटात अधिक आढळले, गंभीर दुष्परिणाम मात्र जवळपास सारखेच होते. माझ्या मते या यशाचे श्रेय गोळ्यांइतकेच त्या ठरलेल्या भेटींना आहे, कारण लक्ष ठेवणारे कोणी असेल तरच मात्रा निर्धास्तपणे वाढवता येते. जिथे डॉक्टरांना वेळ नसतो, तिथे प्रशिक्षित परिचारिका किंवा औषधतज्ज्ञ हे काम नेमून दिलेल्या पद्धतीने करू शकतात.

रुग्णाचा वाटाही छोटा नाही. रोज सकाळी एकाच वेळी वजन करावे. तीन दिवसांत दोन किलोंहून अधिक वाढ झाली तर ती बहुधा शरीरात साचलेल्या पाण्याची असते, म्हणून लगेच कळवावे. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत, कारण त्या पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात. तब्येत सुधारली म्हणून औषधे सोडणे त्याहून घातक आहे. हृदयाचे कार्य पूर्ववत झालेल्या ५१ रुग्णांच्या एका चाचणीत ज्यांची औषधे टप्प्याटप्प्याने थांबवली, त्यांपैकी ४४ टक्के जणांचा आजार सहा महिन्यांत उलटला.

रुग्णालयातून मिळणाऱ्या कागदावर औषधांच्या नावांशेजारी आणखी तीन नोंदी असल्या, तर पुढच्या भेटीत बोलणे कुठून सुरू करायचे हे दोघांनाही कळेल : प्रत्येक औषधाची आजची मात्रा, गाठायची मात्रा, आणि पोटॅशियम व क्रिएटिनिनच्या पुढच्या तपासणीची तारीख.